रडण्यावरची करसवलत

हौसाक्का रडायला लागली आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. साठीची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर तोंडाशी धरलेला, आणि डोळ्यांतून अशी संथ धार लागलेली की मीच पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. "शूटिंग हुतं तवर घरात हालचाल हुती, बाय," ती म्हणाली. "आता नुसती राख हाय." खालचा ओठ थरथरला. नजर चुलीकडे गेली, तिथून सावकाश दाराबाहेरच्या डोंगराकडे गेली आणि तिथंच अडकली. पाहणी करणाऱ्यानं रडायचं नसतं, असं आमच्या संस्थेत पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं. मी नाक ओढलं आणि प्रश्नावलीत काहीतरी खरडल्यासारखं केलं.

तेवढ्यात तिनं पदरानं डोळे टिपले आणि भाजीवाल्याला भाव विचारावा अशा आवाजात म्हणाली, "जमलं का? का परत एकदा घिऊ?"

मला वाटलं, असेल काहीतरी म्हाताऱ्या माणसाचं. मी म्हटलं, जमलं की, छान सांगितलंत. तर बाई खट्टू झाली. इतकी की चहात साखर घालायची विसरली, आणि तो चहा मी तसाच प्यायले.

तेव्हा मी पुण्यात एका अर्थशास्त्राच्या संस्थेत नवीनच लागले होते. सिनेमा आणि टीव्हीच्या मालिका बनवणाऱ्यांना करात सूट द्यावी का, दिली तर कुठल्या भागात द्यावी, असा अभ्यास सरकारनं आमच्याकडे सोपवला होता. ऐकायला फार भारी वाटतं. प्रत्यक्षात कुठला देश किती टक्के सूट देतो याचे तक्ते करून करून माझे डोळे गेले होते, आणि एक हिरो कधी दिसला असेल तर शपथ. आमचे प्रमुख डॉ. पाळंदे. माणूस विद्वान, पण हसणं त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. एक दिवस त्यांनी मला बोलावून जांभूळखोऱ्याला जायला सांगितलं.

वाईच्या पुढं, नदीच्या वळणावर डोंगरात घुसलेलं हे गाव. तिथं पूर्वी सारखं शूटिंग चालायचं. मग शेजारच्या राज्यानं करात सूट दिली आणि सगळी युनिटं बोचकी बांधून तिकडं पळाली. आता आपल्या सरकारच्या मनात होतं की, जिथं शूटिंगमुळे स्थानिक लोकांचा खरोखर फायदा झालाय अशा भागांना सवलत द्यायची. जांभूळखोऱ्यात आधी आमचाच एक माणूस जाऊन 'उल्लेखनीय लाभ आढळला नाही' असं लिहून आला होता. पाळंदे सरांना त्याचं काम पटलेलं नव्हतं, म्हणून एकदा पुन्हा बघायचं ठरलं. मीही तेच लिहिलं असतं तर गावाचं नाव कायमचं कटलं असतं. "बेहेरे," सर म्हणाले, "भावना नकोत. पुरावा आणा."

आणि पहिल्याच घरात माझं हे असं झालं.

हौसाक्काच्या घरातून बाहेर पडले तर सरपंच उत्तमराव शेडगे दारातच उभे. धिप्पाड माणूस, पण पावलं मांजराची. शूटिंगच्या काळात गर्दी पुरवायचं कंत्राट यांच्याकडे असायचं. मिरवणुकीला माणसं, लग्नाला माणसं, प्रेताला माणसं, दंगलीला माणसं, सगळी जांभूळखोऱ्याची. हे त्यांनी मला अर्थातच नंतर सांगितलं. त्या सकाळी ते फक्त सरपंच होते, आणि माझ्यापुढं उलटे चालत, दोन्ही हातांनी मला जरा डावीकडं, जरा उन्हाकडं असं सरकवत मला गाव दाखवत होते. मला वाटलं, काय आदर आहे या लोकांना.

सगळ्यात आधी त्यांनी दवाखाना दाखवला. शूटिंगवाल्यांनी गावाला बांधून दिला म्हणाले. पांढरी स्वच्छ इमारत, वर रंगवलेली पाटी, दाराशी तुळस. मी आत जायला निघाले तर सरपंचांनी अदबीनं अडवलं. आत्ताच आतून निर्जंतुक केलंय, पायरीवरच बसून बोला म्हणाले. डॉक्टर चोरगे बाहेर आले. पांढरा कोट, गळ्यात नळी, कानावर पिकलेले केस. माणूस बघूनच निम्मा ताप उतरावा. करसवलत मिळाली तर आरोग्यसेवेत गुणात्मक वाढ होऊन स्थानिक रोजगारनिर्मितीला चालना मिळेल, असं ते एका दमात म्हणाले. मी अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं आणि आभार मानले. त्यावर डॉक्टरांनी हळूच चष्मा काढला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आम्ही आमच्या परीनं सगळे प्रयत्न केले. आता सगळं वरच्याच्या हातात आहे."

मला गलबलून आलं. खेड्यातल्या डॉक्टरवर किती ताण असतो, असा एक स्वतंत्र परिच्छेद मी मनातल्या मनात लिहूनही टाकला.

गाव तसं फार देखणं होतं. मी कोणाशी बोलायला बसले की मागून एक बाई डोक्यावर हंडा घेऊन जायची. तिचं नाव यमुना, असं पुढं कळलं. पारावर म्हातारी माणसं गप्पा मारत बसलेली. हातवारे, माना डोलावणं, एकमेकांच्या पाठीवर थापा, सगळं रंगात आलेलं, पण आवाज म्हणून नाही. आम्हा पुण्याच्या माणसांना शांततेचं कौतुक. डोंगरातली माणसं किती हळू बोलतात, म्हणून मी त्यांच्याकडे आदरानं बघितलं. दुकानदार झाला, शिंपी झाला, पोस्टमन झाला. प्रत्येकाच्या बोलण्यात 'स्थानिक रोजगारनिर्मिती' आलीच पाहिजे. शिंप्याला ती मध्येच आठवेना, तर त्यानं माझ्या डोक्यावरून पलीकडे उभ्या सरपंचांकडे बघितलं आणि मग घडाघडा म्हटलं. यमुना हंडा घेऊन गेली. नेहमी डावीकडून उजवीकडे. परत येताना मात्र कधी दिसली नाही.

आता कोणी म्हणेल, शिकलेली बाई तू, तुला संशय कसा आला नाही? अहो, पाहणी करणाऱ्याला सगळीकडून 'माहीत नाही', 'मालक घरात नाहीत', 'नंतर या' असंच ऐकायची सवय असते. आणि इथं एक आख्खं गाव माझ्या प्रश्नाचं पूर्ण वाक्यात उत्तर देत होतं. मी तर हवेतच होते.

दुपारी सरपंचांच्या घरी पिठलं, भाकरी, ठेचा असं रेटून जेवले आणि बाहेरच्या ओट्यावर टेकले. गाव पेंगुळलं होतं. पारावरची मंडळी आडवी झाली होती, यमुना हंडा पालथा घालून त्यावर बसली होती, बैलगाडीवाला गाडीतच घोरत होता. माझ्याभोवती एक माशी फार घोंगावत होती. शेवटी वैतागून मी लिहायचं लाकडी पॅड उचललं आणि ओट्याच्या खांबावर फाडकन मारलं.

आणि गाव सुरू झालं.

शपथेवर सांगते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पारावरचे म्हातारे ताडकन उठून बसले आणि तोंडं हलवायला लागले. बैलगाडी चालू झाली. यमुनेनं हंडा डोक्यावर घेतला आणि डावीकडून उजवीकडे निघाली. शिंप्याचं मशीन धडधडायला लागलं, त्याच्यावर कापड नव्हतं. आणि समोरच्या घरातून हौसाक्काचा आवाज आला, "शूटिंग हुतं तवर घरात हालचाल हुती, बाय."

मी पॅड हातात धरून तशीच उभी. शूटिंगमध्ये पाटीवरची फळी फाडकन वाजवली की काम सुरू करायचं असतं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. या लोकांच्या तर ते हाडीमाशी मुरलं होतं. माझ्या एका माशीपायी सगळं गाव कामाला लागलं होतं, आणि थांबा म्हणणारं कोणी नसल्यामुळे थांबत नव्हतं.

मी तडक दवाखान्याकडे गेले. दार ढकललं तर पलीकडं ज्वारीचं शेत. दवाखान्याला पुढची भिंत तेवढी होती. मागं बांबूंचा टेकू, टेकूला कोट टांगलेला, आणि डॉक्टर चोरगे बनियनवर बसून कांदा फोडत होते. त्यांनी मला बघितलं. सवयीनं उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागले, मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि हात खाली घेतला.

सरपंच धावत आले, मागोमाग गाव आलं. मी संतापले होते. फसवलं म्हणून राग होताच, पण मी सकाळी नाक ओढलं होतं, त्याचा राग जास्त होता. एकेकाला विचारलं, हे काय चालवलंय? दगडू चोरगे डॉक्टर नव्हते, मेंढरं राखायचे. पण प्रत्येक मालिकेत पेशंट मेल्याचं सांगायला हेच, म्हणून गावात त्यांना डॉक्टरच म्हणत. पोस्टमन तर कधीकाळी न्यायाधीशही झाला होता.

सरपंच खाली मान घालून म्हणाले, "खोटं न्हाई बोललो मॅडम. जरा मांडून दाखवलं."

मग त्यांनी सांगितलं. मागचे साहेब आले तेव्हा गावानं सगळं खरं सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, शूटिंगनं तुम्हाला काय दिलं? लोक म्हणाले, मजा आली. साहेबांनी कागद उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, मजेला रकाना नाही. ते गेले आणि गावाचं नाव खाली गेलं. तेव्हा या खेपेला सगळ्यांनी पारावर बसून ठरवलं की बाईंना जे लिहायचं असतं तेच आयतं द्यायचं. महिनाभर तालमी झाल्या होत्या.

माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी सांगून टाकलं की आता मला एकच गोष्ट लिहिता येईल, इथली माहिती विश्वासार्ह नाही. म्हणजे सवलत नाही, म्हणजे शूटिंगही नाही. पर्स उचलली आणि निघाले.

कोणी अडवलं नाही. कोणी विनवलं नाही. फक्त मागून एक विचित्र आवाज आला, घशात काही अडकल्यासारखा. वळून बघितलं तर हौसाक्का. ती रडत होती. आणि इतकं वाईट रडत होती म्हणून सांगू! तोंड वाकडं झालेलं, नाक वाहत होतं, मध्येच उचकी, मध्येच खोकला, पदर कुठल्या कुठं. सकाळच्या त्या सुरेख रडण्यातलं काहीएक शिल्लक नव्हतं. सरपंच बिचारे सवयीनं बोलून गेले, "आक्का, चेहरा वर." आणि मग स्वतःच ओशाळले.

मी जवळ गेले. पाणी दिलं, ते निम्मं सांडलं.

"सासरी आयुष्यभर रडले, बाय," ती म्हणाली. "कोपऱ्यात, चुलीम्होरं, परड्यात. कुनी बघितलंसुदिक न्हाई. आन् तितं, चार मानसांत, त्यो डायरेक्टर मला म्हनला, आक्का, लई छान. परत एकदा."

एवढंच बोलली. मी आक्काच्या पाठीवर हात ठेवला आणि एसटी चुकेल म्हणून निघाले. खरं सांगायचं तर तिथं आणखी थांबायची माझ्यात हिंमत नव्हती.

वाईच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली आणि जी झुंबड उडाली, त्यात माझी पर्स एकीकडे आणि मी एकीकडे. खिडकीतून रुमाल टाकणारे, दारात अडून बसणारे, कोणाचं कोणाला ऐकू येईना. आणि त्या रेटारेटीत मला जांभूळखोरं आठवलं. सबंध सकाळभर त्या गावातल्या येणाऱ्याजाणाऱ्या एकाही माणसानं माझ्याकडे वळून बघितलं नव्हतं. एक पोर मध्ये आलं नव्हतं, एक कुत्रं आडवं गेलं नव्हतं. आमच्या संस्थेत चार विद्वानांना ठरल्या वेळेला एका टेबलाभोवती बसवता येत नाही. आणि इथं एका माशीच्या मरणावर आख्खं गाव जागच्या जागी उभं राहिलं होतं. प्रश्नावलीच्या शेवटी सरकारचा एक प्रश्न होता, जो मी घाईत विचारलाच नव्हता: शूटिंगमुळे स्थानिक लोकांच्या अंगी कोणतं कसब आलं, त्याचा प्रत्यक्ष पुरावा द्या. पुरावा मी सबंध दिवसभर खात-पीत होते. मी चेंगरलेल्या अवस्थेत खो खो हसायला लागले, आणि शेजारची बाई घाबरून सरकली, तेवढी मला बसायला जागा झाली.

मी अहवालात सगळं लिहिलं. काही लपवलं नाही. दवाखान्याला मागची बाजू नाही हे लिहिलं, डॉक्टर मेंढरं राखतात हे लिहिलं, यमुनेचा हंडा रिकामा होता हे लिहिलं. महिनाभर तालीम करून या लोकांनी एका प्रशिक्षित पाहणी-सहायिकेला अर्धा दिवस बेमालूम फसवलं, आणि याहून मोठं कसब मी तरी पाहिलेलं नाही, असं लिहिलं. हौसाक्काच्या दोन्ही रडण्यांचं वर्णन केलं. कुठलं कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना, म्हणून खाली मोकळ्या जागेत घातलं.

पाळंदे सरांनी ते माझ्यासमोर वाचलं. सावकाश, चेहऱ्यावरची एकही रेष न हलवता. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवत होते. शेवटचं पान ठेवून त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"माशी मेली का?"

"काय सर?"

"पुरावा म्हणून विचारतोय."

"मेली सर."

"मग तसं लिहा," ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. आमच्या संस्थेत त्यावर पुढं कितीतरी दिवस चर्चा झाली, कारण सर हसले यावर कोणाचा विश्वास बसेना.

समितीत या अहवालावरून बरीच वादावादी झाली म्हणतात. एकजण म्हणाला, हा चावटपणा आहे. दुसरा म्हणाला, चावटपणा असेल, पण प्रश्नाचं उत्तर आहे. जांभूळखोऱ्याला सवलत मिळाली. पुढच्याच हिवाळ्यात मुंबईचं एक युनिट आलं आणि सरपंचांनी मला बघायला या म्हणून फोन केला. मी सुट्टी काढून गेले.

हौसाक्काचा प्रसंग होता. मुलाचं प्रेत दारात येतं आणि आई कोसळते. डॉक्टर चोरगे चष्मा काढून जे सांगायचं ते सांगून बाजूला झाले. मग हौसाक्का रडली. तशीच, त्या पहिल्या सकाळच्यासारखी. संथ धार, थरथरणारा ओठ, नजर प्रेतावरून सावकाश डोंगराकडे. लाइटवाला माणूससुद्धा डोळे पुसत होता. डायरेक्टर विशीतला पोरगा, गळ्यात दोन मोबाइल. "ओके! पुढचा सीन," म्हणाला आणि जेवायला सुटला. मागोमाग सगळं युनिट गेलं.

मला केवढा आनंद झाला होता! धावत आक्काकडे गेले. ती दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, तोंड पाडून. मी म्हटलं, आक्का, नाव काढलंत, एका झटक्यात ओके केलं.

"व्हय," ती म्हणाली. "परत एकदा म्हनलाच न्हाई."

मी काहीतरी समजूत घालायला लागले, आता नवी मशिनं आहेत, एकदाच घेतलं तरी चालतं. ती मान हलवत होती. पोरं घाईत असत्यात, तेंचं तरी काय चुकलं, असं म्हणाली. पण डोळे खाली होते. सवलत मिळाली होती, शूटिंग आलं होतं, कॅमेरा आला होता, आणि हिला हवी होती ती गोष्ट मुंबईहून कोणी बरोबर आणलीच नव्हती. मला त्या पोराचा राग आला, आणि माझ्या त्या सगळ्या तक्त्यांचाही आला.

माझ्या पर्समध्ये पॅड होतं, ते कायम असतंच. मी काढलं आणि तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसले.

"आक्का," मी म्हटलं, "लई छान झालं. परत एकदा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करतेय का ते बघत राहिली. मग पदर नीट केला, घसा खाकरला आणि विचारलं, "कुटनं घिऊ? पोरगं गेल्यापास्नं, का सासरपास्नं?"

"सासरपासून," मी म्हटलं, आणि पॅडवर हात मारला.

पारावर म्हाताऱ्यांनी जेवणाची ताटं खाली ठेवली आणि तोंडं हलवायला सुरुवात केली. यमुनेनं हातातली जिलबी तोंडात कोंबली, हंडा उचलला आणि डावीकडून उजवीकडे निघाली. हौसाक्का रडायला लागली. नाक वाहत होतं, उचकी लागली होती, पदराचा पत्ता नव्हता. फार वाईट रडत होती. मी बघत बसले, आणि कट म्हटलं नाही.